दाराला लावलेलं वल्हं

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम काय केलं, तर दाराला अडसर लावला.

कळण्याची भाकर आणि वांग्याचं भरीत खाऊन झालं होतं. तिनं ताटं विसळून पालथी घातली. मग पदराला हात पुसत दाराशी आली आणि रोजच्यासारखं विचारलं, "धरं का?"

"धरं."

"मंग उचला."

आमच्या दाराचा अडसर म्हणजे एक जुनं सागवानी वल्हं आहे. नाव वल्हवायचं वल्हं. दाराच्या दोन्ही अंगांना लोखंडी आकडे ठोकलेत, त्यात ते आडवं बसतं. माझ्याकडं दांड्याचं टोक, तिच्याकडं पात्याचं. वल्हं अवजड आहे आणि आमची मनगटं आता कामाची राहिली नव्हती, म्हणून काही वर्षांपासून दोघांनी मिळून उचलायचं असं ठरलेलं. तिनं तिचं टोक आधी आकड्यात टाकलं, मी माझं नंतर. तिनं पात्यावरून हात फिरवला. म्हणाली, "सुकी गयं. उद्या तेल लावूत."

मी म्हणालो, लावू.

सकाळी ती उठली नाही.

लोक भेटायला येतात आणि दाराकडं बघून विचारतात, हे वल्हं कशाला? नदीवर तर आता पूल आहे. पोरंही एकमेकांना सांगतात, म्हाताऱ्यानं हौसेनं ठेवलंय. हौस नाही. म्हणून लिहून ठेवतो. मी चौथी शिकलेला माणूस, पुढचं लिहिणं तिनं शिकवलेलं, तेव्हा चुका निघाल्या तर तिच्या नावानं काढू नका. आणि नावं कोणाची घालत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे.

आमचं गाव तापीच्या अल्याड, नंदुरबारच्या बाजूला. पल्याड प्रकाशा. तेव्हा जिल्हा पश्चिम खानदेश होता, राज्य मुंबईचं होतं आणि नदीवर पूल नव्हता. उन्हाळ्यात लोक उतारातून चालत जायचे, बाकीच्या दिवसांत नाव. आमचं लग्न झालं तेव्हा ती सातवी, म्हणजे त्या वेळची फायनल, पास झालेली होती. मी चौथी. तिच्या मामानं स्थळ जमवताना ही गोष्ट दडवली होती, माझी नव्हे, तिची. आमच्या घरात सातवी शिकलेली सून नको होती ना. लग्नानंतर एकदा वावरात कापूस वेचताना वाऱ्यानं एक छापील कागद उडत आला आणि ती उभ्यानं वाचत राहिली, तेव्हा मला कळलं.

पुढं पल्याडच्या गावात, जुन्या धर्मशाळेत, मास्तरणी तयार करायचं कॉलेज निघालं. ट्रेनिंग कॉलेज. फायनल पास बायांना घ्यायचे. तिनं मला खळ्यावर गाठलं आणि सरळ म्हणाली, "मले जानं शे."

मी म्हणालो, "जाय."

तिला वाटलं मी थट्टा करतोय. थट्टा कशाला करू? माझ्या माईला दवाखान्यातल्या बाटलीवरचं वाचता आलं नव्हतं आणि अंगाला लावायचं औषध तिनं पोटात घेतलं होतं. वाचली, पण तेव्हापासून मला वाचणाऱ्या माणसाचा धाक वाटत नाही, आधार वाटतो.

बापानं नाही म्हटलं नाही. माझा बाप तसा माणूस नव्हता. त्यानं ऐकून घेतलं, चिलीम झटकली आणि वावरात गेला. मीही मूर्ख, समजलो काम झालं. पहिल्या दिवशी ती धुतलेलं लुगडं नेसून, भाकर बांधून माझ्यासोबत काठावर आली, तेव्हा नावाड्यानं तिच्याकडं न बघता मला सांगितलं, "तुन्हा बाप सांगी गया. वहूले नावमा बसाडानं नही."

नावाडी वर्षाचं धान्य आमच्या खळ्यावरून न्यायचा. गावोगाव तशीच रीत होती. खळं ज्याचं, शब्द त्याचा.

"मंग ती कॉलेजले कशी जाई?" मी म्हणालो.

"पव्हत जाय म्हना," तो म्हणाला आणि शेळ्या चढवायला लागला. शेळ्या चालत होत्या त्याला.

घरी येऊन तिनं भाकर सोडली आणि माझ्यापुढं ठेवली. खाल्ली मी. दुसऱ्या दिवशी मी माझ्या वाटणीचा गोऱ्हा सोडला आणि खालच्या आळीतल्या डांगरवाल्याकडं नेला. तो उन्हाळ्यात नदीच्या वाळूत डांगरं लावायचा आणि ती वाहायला त्याच्याकडं एक लहान नाव होती. नाव कसली, फळ्या सुटलेली, वाळूत पालथी पडलेली, खाली कुत्री व्यायची. गोऱ्हा दिला, नाव घेतली. सोबत दोन वल्ही आली. त्यातलं एक आज दाराला आहे.

फटी बुजवायला डांबर लागतं आणि सुतळी. सुतळी नव्हती, कापूस रग्गड होता. आम्ही दोघांनी मिळून कापसाच्या वाती वळल्या, डांबरात बुडवल्या आणि फटीफटीत ठोकून बसवल्या. समईच्या वातींसारख्याच, फक्त जाड. तिच्या बोटांचं डांबर कॉलेजात जाईपर्यंत निघालं नाही.

आता खरं सांगतो. आम्हाला दोघांनाही नाव चालवता येत नव्हती. पोहता मला येत होतं, तिला तेही नाही. आम्ही शेतकरी. पाण्याशी संबंध मोटेपुरता.

पहिल्या दिवशी मी नावेत चढलो ते पुढं तोंड करून, गाडीवर बसतात तसा. वल्हं हातात, समोर पल्याडच्या देवळाचा कळस. औत धरलं की आमच्याकडं समोरच्या बांधावरचं एक झाड धरतात आणि त्याच्यावर नजर रोखून सरळ तास, म्हणजे नांगराची रेघ, काढतात. ज्याचा तास वाकडा त्याला गावात बायको मिळत नाही. मी कळस धरला आणि निघालो. ती मध्ये बसलेली, पदर तोंडावर, मान खाली. बाया नावेत तशाच बसायच्या, पोटाशी, फळ्यांकडं बघत, आणि वल्ह्याला त्यांचा हात लागू द्यायचा नाही. नावाडी म्हणायचे बाईचा हात लागला की नाव रुसते.

एका बाजूनं वल्हं मारलं की नाव गोल फिरायची. मी उठून दुसऱ्या बाजूला जायचो, ती उलटी गोल फिरायची. तोंडानं मी "हो हो, चाल चाल" करत होतो. सवय. कशीबशी मधोमध आलो तर कळस समोर असायला हवा तो उजवीकडं सरकलेला. मी परत त्याच्याकडं रोख धरला. तो परत सरकला. शेवटी आम्ही पल्याड लागलो ते घाटाच्या कितीतरी खाली, जिथं मेलेली जनावरं टाकतात तिथं.

घाटावर हसून हसून लोकांची पोटं दुखली. "ओ कॉलेजवाला, गाडं कथा चालनं?" एकानं ओरडून विचारलं, गाडी कुठं निघाली म्हणून. दुसरा म्हणाला, "बैल सुटी गया वाटस!"

रोज तेच. मी जितका नेटानं सरळ जायचो तितका खाली वाहून जायचो. हाताला फोड आले, फुटले, त्यावर परत फोड. ती रोज कॉलेजात उशिरा पोचायची, चिखलातून चालत, आणि एक शब्द बोलायची नाही. मला वाटायचं बोल एकदा, शिव्या दे.

एक दिवस आम्ही असेच मधोमध झगडत होतो आणि नावाड्याची मोठी नाव शेजारून गेली. माणसं, शेळ्या, मिरच्यांची पोती. नावाडी उभ्यानं ओरडला, "तापी काय तुन्हा बापनं वावर शे का? तास धरी ऱ्हायना!"

नावेतले सगळे हसले. शेळ्यासुद्धा ओरडल्या. मी तोंडात येईल ते बोललो, ते इथं लिहीत नाही. पण तिनं पदर मागं सारला. पहिल्यांदाच. मान वर करून ती त्या मोठ्या नावेकडं बघत राहिली, ती पल्याड लागेपर्यंत.

"देखं का?" ती म्हणाली. "त्यासनी नावनं नाक कथा शे?"

नावेच्या पुढच्या टोकाला काय म्हणतात ते आम्हाला ठाऊक नव्हतं. आम्ही नाक म्हणायचो, ती जाईपर्यंत तेच म्हटलं. मी बघितलं. मोठ्या नावेचं नाक घाटाकडं नव्हतंच. ते वर, नदी जिकडून येते तिकडं रोखलेलं होतं, जणू नावाडी भलत्याच गावाला निघालाय. आणि नाव मात्र तिरपी तिरपी सरकत बरोब्बर घाटाला लागली.

"आपन कळस धरतो, तठे चूक शे," ती म्हणाली. "वावर जागावर ऱ्हास. पानी ऱ्हात नही. वर धरा, म्हणजे ते आपले खाले आनी आनी घाटवर सोडी."

मला राग आला. वीस पिढ्यांचे शेतकरी आम्ही, सरळ जायचं सोडून वाकडं जायचं? पण मी नाक वर केलं. नाव लगेच फिरून परत खाली आली, कारण वल्हं एकाच बाजूला होतं. तेव्हा तिनं तळातलं दुसरं वल्हं उचललं, काष्टा घट्ट खोचला आणि माझ्या पलीकडच्या अंगाला येऊन बसली.

"मार," ती म्हणाली.

मला. नवऱ्याला. काठावर "अहो" आणि "तुम्ही", आणि नावेत "मार", "थांब", "वर धर, वर धर ना!" मी कधी हरकत घेतली नाही. पाण्यात तुम्ही-आम्ही करायला सवड कुठं असते? पण उतरताना पाय वाळूला लागला की लगेच, "चाला, भाकर इसरनात तुम्ही."

त्या दिवशी आम्ही घाटाच्या थोडं खाली लागलो. दुसऱ्या दिवशी अजून थोडं कमी. दिवाळीपर्यंत आम्ही घाटाच्या पायरीला नाव लावत होतो आणि नावाडी आमच्याकडं बघत नसल्यासारखं करत होता.

ती कॉलेजात जायची आणि मी बाहेर लिंबाखाली बसायचो, कारण वल्ही नावेत ठेवली तर जातात. दोन्ही वल्ही मांडीवर घेऊन बसायचो. एकदा तिथल्या मोठ्या बाई बाहेर आल्या, जाड चष्मा, पांढरं पातळ. शुद्ध भाषेत म्हणाल्या, "आपण कोण?"

"मी नावाडी," मी म्हणालो.

"कोणाचे?"

"बायकोचा."

त्या हसल्या नाहीत. आत गेल्या आणि शिपायाबरोबर चहा पाठवला. तो शिपाई पुढं मला रोज चहा आणायचा आणि म्हणायचा, "ल्या कॉलेजकुमार." तर मीही कॉलेज केलंय. बाहेरून केलंय, पण चुकवलं नाही.

गाव गप्प बसेल तर ते गाव कसलं. नावेत बाई बसली इथवर ठीक होतं. बाईनं वल्हं मारलं, पदर खोचून, तोंड उघडं टाकून, आणि नवऱ्याला अरे-तुरे करत, हे भारी झालं. भावकीतले चार म्हातारे बापाकडं येऊन बसले. ते गेल्यावर बापानं मला हाक मारली.

"आपला घरनी वहू वल्हं मारी? लोके काय म्हनतीन?"

"म्हनतीन, ती वल्हं मारस," मी म्हणालो.

"मंग मन्हा घरमा तुमनं काम नही."

माई आतून रडत आली. तिला मी म्हणालो, रडू नको, आम्ही गाव सोडत नाही, नुसतं घर सोडतो. आणि वावरातल्या खोपीत राहायला गेलो. कुडाच्या भिंती, वर कापसाच्या पऱ्हाटीचं छप्पर. पीक निघालं की बापाच्या खळ्यावर मजुरी करायचो आणि माझ्याच वाटणीच्या धान्याची मजुरी म्हणून पायली आणायचो. त्याला वाटलं थंडीत येईल परत. मी गेलो नाही. ती म्हणायची, माफी मागा, जाऊ द्या. मी म्हणालो, कशाबद्दल? वल्हं मारल्याबद्दल? ते तर तू मारतेस.

तशीच वर्षं गेली आणि शेवटच्या परीक्षेची वेळ आली. मास्तरीण व्हायचं तर दिपोटीसमोर, म्हणजे शाळा तपासायला येणाऱ्या साहेबासमोर, पोरांचा वर्ग घेऊन दाखवावा लागायचा. परीक्षेचा पाठ म्हणायचे त्याला. ठरल्या सकाळी हजर नसलं की नापास, आणि नापास म्हणजे पुन्हा एक वर्ष. ती तेव्हा पोटुशी होती. पुन्हा एक वर्ष नव्हतं तिच्याकडं. हे तिला ठाऊक, मला ठाऊक आणि बापालाही ठाऊक होतं.

भाद्रपद सरत आला होता. पूर ओसरलेला, पण पाणी गढूळ आणि ओढ चांगली. सकाळी आम्ही काठावर आलो. तिच्या पदरात चिंचोके बांधलेले, हातच्याची वजाबाकी शिकवणार होती त्यांनी. वल्ही रात्री मी खोपीच्या छपरात खोचून ठेवायचो, पण आदल्या संध्याकाळी आभाळ फाटलं होतं म्हणून नाव ओढून घेताना घाईत तिथंच बोरीखाली राहिली. तिथं आता एकच होतं.

मी नाव उलटी केली, बोर झोडपली, चिखलात हात घातला. नाही. मग आमच्या बाजूच्या घाटाकडं बघितलं तर बाप वरच्या पायरीवर बसलेला. शेजारी दगडांची चूल पेटवलेली, अंग शेकायला. तिच्यात काय जळत होतं ते लांबूनही कळलं. पात्याचं टोक बाहेर राहिलं होतं.

मी त्याच्या अंगावर धावून जाणार होतो. तिनं माझी बंडी धरली.

"आधी पल्याड," ती म्हणाली. "मंग काय ते करा."

"एक वल्ह्यावर?"

मोठी नाव पल्याड होती. नावाडी ती आणणार नव्हता, आणली तरी तिला घेणार नव्हता. पाण्याकाठी बाया कपडे धुवत होत्या. त्यात एक म्हातारी विधवा होती, तोंडाची अशी की कुत्रं अंगावर जात नसे. पहिल्या दिवसापासून आमच्यावर सगळ्यांत मोठ्यानं तीच हसायची. ती उठली. हातातली कपडे बडवायची मोगरी, चपटी, रुंद, बाभळीची, तिनं पाण्यात खळबळून काढली आणि माझ्या बायकोपुढं धरली.

"हाई ले वं माय. सांजले परत आनजो. मन्ही गोधडी बाकी शे."

मग वर पायरीकडं बघून, माझ्या बापाला ऐकू जाईल असं, "जाय. धुनं करी ये चांगलं."

ती मोगरी घेऊन नावेत बसली. मी म्हणालो, तू कुठल्या अंगाला बसतेस? तिनं पाण्याची ओढ बघितली. मग म्हणाली, वल्हं खालच्या अंगाला, तू तठे. मी वरला अंगले.

आधी मला कळलं नाही. दोन वल्ही होती तेव्हा दोघांचा जोर सारखा ठेवायला आम्ही मरायचो, आणि नाक वर ठेवायला अजून वेगळं मरायचो. आता माझ्याकडं वल्हं, तिच्याकडं मोगरी. खालच्या अंगानं जोर जास्त, वरच्या अंगानं कमी. त्यामुळं नाव आपसूक नाक वर करून उभी राहिली, पाखरानं वाऱ्याकडं तोंड करावं तशी. आम्हाला फक्त मारत राहायचं होतं. मी मारत राहिलो. ती वाकून वाकून मोगरीनं पाणी उपसत, ढकलत राहिली. तिचे दोन्ही बाहू कोपरापर्यंत गढूळ. मधोमध ओढ लागली तेव्हा नाव थरथरली, आणि ती ओरडली, "सोडू नको! मार! मार रे!" मी मारलं. अजूनही पावसाळी हवेत माझा उजवा खांदा दुखतो, तो तेव्हाचा.

पल्याडच्या घाटाच्या पायरीला नाव लागली. कधीच लागली नव्हती इतकी नेमकी. ती उतरली, पदर पिळला, चिंचोके चाचपले.

"तुम्ही भाकर खाई ल्या," म्हणाली आणि पळाली.

तिचा पाठ मी लिंबाखालून ऐकला. खिडकी उघडी होती. दिपोटीनं विचारलं, "बाई, आपण इतक्या ओल्या कशानं?" ती शुद्ध भाषेत म्हणाली, "नदीनं, साहेब." आणि पोरांकडं वळून, "सांगा, तेवीस चिंचोक्यांतून आठ कसे काढायचे?"

पास झाली.

सांजेला आम्ही मोगरी परत दिली. म्हातारीनं ती उलटीपालटी करून बघितली, तडा गेलाय का ते. "काय व्हयनं?" विचारलं. "व्हयनी मास्तरीण," मी सांगितलं. ती म्हणाली, "मंग मन्हा नातूले फुकट शिकाडजो." आणि तिनं शिकवलाही.

बाप घाटावर नव्हता. घरीही मी गेलो नाही. पुढं ती आमच्याच गावच्या शाळेत लागली, मग पल्याडच्या, मग पुन्हा इकडं, आणि आमची पोरं त्या नावेत झोपून वाढली. नवं दुसरं वल्हं केलं ते पुढं नावेबरोबर सडलं. पूल झाला, मोटारी आल्या, नावाडी मजुरीला गेला. म्हातारपणी बाप आमच्या ओट्यावर येऊन बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "मन्ही वहू मास्तरीण शे." ती त्याला चहा द्यायची, बशीत ओतून. तिनं त्याला माफ केलं होतं. मी नाही केलं, आणि आता करायला तो नाही. जाऊ द्या.

घर बांधलं तेव्हा सुतार म्हणाला, अडसर नवा करू. मी ते उरलेलं वल्हं त्याच्या पुढं टाकलं. म्हणालो, हा अडसर. ज्याला माझ्या घरात शिरून काही सांगायचंय, त्यानं आधी याच्याशी बोलावं.

तर ती सकाळ.

मी तिला हाक मारली, अडसर काढायला. पुन्हा मारली. मग जवळ गेलो. हात लावला तेव्हा कळलं. बाहेर दूधवाला दार वाजवत होता. उठलो, वल्ह्याला मधोमध धरलं, छातीला टेकवलं आणि एकट्यानं काढलं. निघालं. एकट्यानं निघत होतं म्हणजे.

माणसं जमली. मुलगा नंदुरबारहून आला, मुलगी खांडबाऱ्याहून. मुलानं गाडी ठरवून आणली होती, पुलावरून प्रकाशाला न्यायची. मी म्हणालो, गाडी नको. नावेनं न्यायचं.

"बाबा, आता कोण नावेनं नेतं?"

"मी नेतो."

तिनं असं काही सांगून ठेवलं नव्हतं. तुम्हाला गोष्टीत सांगतात तसं काही नाही. मीच ठरवलं. भावकीतला एकजण म्हणाला, वय काय तुमचं, पाण्यात काही झालं म्हणजे? मी म्हणालो, झालं तर घाट जवळच आहे, दुसरी खेप वाचेल.

मासे धरणाऱ्या एकाची नाव घेतली. पन्नाशीचा माणूस, तिच्या हाताखाली शिकलेला. तिला आत ठेवली. कोणीतरी पुढं होऊन तिच्या तोंडावर पदर ओढला, रीतीप्रमाणं. मी काढला. परत ओढला, परत काढला. म्हणालो, या नदीवर तिनं तोंड झाकलं नाही, आज झाकणार नाही. माझं वल्हं मी घेतलं, मासेवाल्यानं त्याचं. मी त्याला खालच्या अंगाला बसवलं, त्याच्यात जोर आहे म्हणून. मी वरच्या अंगाला, तिच्या जागी.

नाव निघाली आणि मी नाक वर धरलं.

थोडं गेल्यावर मासेवाला म्हणाला, "बाबा, सरय चाला. खाले बंधारा व्हयना, पानी थांबेल शे. आते वाहत नही."

"मले माहीत शे," मी म्हणालो.

"वर जाशूत ना आपन. घाट खाले ऱ्हाई जाई."

"ऱ्हाऊ दे. तू मार."

त्यानं मारलं. पाणी खरंच हलत नव्हतं, तळ्यासारखं हिरवं पडलेलं. आम्हाला खाली आणायला कोणी नव्हतं. आम्ही वरच जात राहिलो आणि पल्याड लागलो ते घाटाच्या वर, काट्यांत. पुलावरून आलेले लोक घाटावर उभे राहून हातवारे करत होते. मग तेच चालत वर आले, बाभळी मोडत, आणि तिला खांद्यावर घेऊन खाली गेले. कोणी काही बोललं असतं तर मी तयार होतो.

सरण रचल्यावर मुलगा माझ्याजवळ आला. त्याचे डोळे लाल. म्हणाला, "बाबा, वल्हं पण तिच्याबरोबर देऊ या. तिचंच आहे."

मी म्हणालो, "नाही. एक जाळलंय आपल्या घरानं. हे जळणार नाही."

त्यानं हात पुढं केला, निदान मी धरतो म्हणून. तेही मी दिलं नाही. सगळं उरकल्यावर मी ते खांद्यावर टाकलं, काट्यांतून वर चालत नावेपाशी गेलो, चढलो. वल्ह्याला तेल लावायचं राहिलं होतं, पाणी तेवढं लागलं. मासेवाला दोर सोडून माझ्याकडं बघत बसला, आता तरी सरळ जायचं का म्हणून.

येतानाही मी नाक वरच धरलं.